मूळ चित्र परत येतं का?

१९८६ साली मी माझं पहिलं मुखपृष्ठ केलं. ग्रामीण कथांचा संग्रह होता. आयव्हरी कार्डावर पोस्टर कलरचं काम, वर बटरपेपर चिकटवलेला, त्यावर छापखान्यासाठी पेन्सिलीने लिहिलेल्या सूचना. सायकलच्या कॅरिअरला बांधून ते प्रकाशकांच्या कचेरीत नेताना मला फक्त पावसाची भीती वाटत होती. मानधन मिळालं, तेही लवकर. दोन महिन्यांनी मूळ चित्र मागायला गेलो तर गृहस्थ माझ्याकडे नवलाने बघत राहिले. “अहो, चित्राचे पैसे दिलेत ना आपण?” विकलेली मेथीची जुडी मागायला भाजीवाला दारात यावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता. तीनेक वर्षांनी त्यांच्याच दुसऱ्या एका पुस्तकावर मला माझं चित्र दिसलं. उलटं छापलेलं. उजव्या हातात विळा धरलेला माझा शेतकरी डावखुरा झाला होता.

भांडावं असं तेव्हा डोक्यातही आलं नाही. भांडायचं कशावरून, हेच ठाऊक नव्हतं. कॉलेजात शरीररचना शिकवली, पर्स्पेक्टिव्ह शिकवलं, रंगाची घनता शिकवली. बिल कसं लिहायचं आणि त्या बिलात नेमकं काय विकतोय हे कसं नोंदवायचं, ते कुणी शिकवलं नाही. पुढच्या चाळीस वर्षांत मला जे थोडंफार कळलं ते ठेचा खाऊन. म्हणून चित्रांवर जगणाऱ्या माणसांनी आपल्या कामाबद्दल, पैशाबद्दल आणि चुकांबद्दल लिहिलेल्या लेखांचं हे पुस्तक माझ्याकडे प्रस्तावनेसाठी आलं तेव्हा हो म्हणायला वेळ लागला नाही. स्वतंत्रपणे चित्रं काढून पोट भरतं का, हे मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच. बहुतेकदा विचारणारी त्या मुलाची आई असते.

‘इलस्ट्रेटर’ला मराठीत नीट शब्द रुळला नाही, इथूनच सुरुवात करावी लागते. ‘बोधचित्रकार’ कोशात राहिला, ‘कथाचित्रकार’ अर्ध्याच कामाला पुरतो, आणि श्रेयपानावर आपण अजून ‘मुखपृष्ठ व आतील सजावट’ असं छापतो. सजावट म्हटलं की मला गणपतीचं मखर आठवतं: दहा दिवस कौतुकाचं, अकराव्या दिवशी माळ्यावर. मजकूर घरचा आणि चित्र पाहुणं, अशी एक जुनी समजूत या शब्दात मुरलेली आहे. खरं तर या चित्राची व्याख्या सोपी आहे. कुणीतरी मागितलेलं, ठरल्या मापात, ठरल्या तारखेला द्यायचं आणि छापून निघण्यासाठीच काढलेलं चित्र. भिंतीवर टांगायच्या चित्राला प्रती निघाल्या नाहीत तरी चालतं. याचा जन्मच प्रतींसाठी होतो. मूळ एक, प्रती हजार, आणि त्या हजारांवर हुकूम कोणाचा, या एका प्रश्नाभोवती या धंद्याचा जवळपास दीडशे वर्षांचा मराठी इतिहास फिरतो, असं मला वाटतं. ज्याने त्याने या प्रश्नाची आपापल्या परीने सोडवणूक केली. काहींची जमली.

गोष्ट सुरू होते ती दगडापासून. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांबरोबर पुण्यात चित्रशाळा काढली. शिळाछापाच्या दगडावरून देवादिकांची, मराठी इतिहासातल्या पुरुषांची चित्रं निघू लागली आणि ज्या घरात तोवर फक्त देव्हारा होता तिथल्या भिंतीवर खिळा ठोकला गेला. प्रतीवर नाव असे छापखान्याचं. ती चित्रं दगडावर उतरवणाऱ्या हातांची नावं आज कितीजण सांगतील? त्यानंतर १८९४ मध्ये राजा रविवर्म्याने मुंबईत घाटकोपरला स्वतःचा शिळाछापखाना उभारला. आपल्या चित्रांच्या प्रती आपणच काढायच्या, हा विचार काळाच्या फार पुढचा होता. व्यवहाराने मात्र साथ दिली नाही. कर्ज चढलं, छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि अखेरीस फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. लक्ष्मी-सरस्वतीच्या प्रती त्यानंतरही घरोघरी जात राहिल्या, पण गल्ला दुसऱ्याचा होता. चित्र काढणं ही एक विद्या आणि चित्राचा संसार चालवणं ही दुसरी. रविवर्म्याएवढ्या माणसालाही पहिलीने दुसरी आपोआप येत नाही.

कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर दुसऱ्या वाटेने गेले. १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूलमध्ये ते शिकले आणि तिथेच आयुष्यभर शिकवत राहिले. आत्मचरित्राचं नावच ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. पगार जे. जे.चा, आणि त्याच्या जोडीला पोस्टकार्डं, पोस्टर, पुस्तकांतली चित्रं. आपल्या श्रावणातल्या कहाण्या किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ मध्ये ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ म्हणून इंग्रजीत नेल्या, तेव्हा त्यात काढलेली माणसं धुरंधरांची होती. नेसणं, दागिने, बसण्याची ढब, सगळं इथलं. आज त्या काळातला पोशाख शोधायचा असला की आम्ही चित्रकार धुरंधरांकडेच जातो. महिन्याचा पगार आणि त्याच्या आधाराने मोकळी रेषा, हा नमुना त्यांनी घालून दिला. तो अजून मोडलेला नाही.

मग १९०९ साल उजाडलं आणि ‘मनोरंजन’च्या काशीनाथ रघुनाथ मित्रांनी पहिला दिवाळी अंक काढला. साहित्याच्या इतिहासात याची नोंद साहित्यासाठी होते. आमच्या धंद्याच्या इतिहासात ती पोटासाठी व्हायला हवी. एका अंकाला वीस-पंचवीस चित्रं लागणार, रंगीत मुखपृष्ठ लागणार, आणि तेही सगळ्यांना एकाच वेळी. मराठी चित्रकाराचं वर्ष तेव्हापासून खरिपावर चालतं. आषाढात कथा हाती येते, भाद्रपदात फायनल जातं, पैसे दिवाळीनंतर. कुठल्या दिवाळीनंतर, हे विचारायचं नसतं. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं, कारखान्याचं पत्रक म्हणून, आणि त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः हातात ब्रश धरलेले. लाहोरला पंडित सातवळेकरांकडे चित्रकला शिकलेला माणूस संपादकाच्या खुर्चीत बसला की पानावर चित्राला किती जागा सोडायची हा वाद होत नाही. असे संपादक आपल्याला फार थोडे मिळाले.

आता दलाल आणि मुळगावकर. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

दोघेही गोव्याचे. दीनानाथ दलाल १९१६चे, रघुवीर मुळगावकर १९१८चे. दोघांनी मुंबईत बस्तान बसवलं आणि चाळिशीच्या दशकापासून पुढची तीसेक वर्षं मराठी घरातल्या नजरेला वळण लावलं. दलालांची रेषा लवचीक, रंग धीट. एकाच अंकात ते कथेसाठी काळ्या शाईचं सडपातळ रेखाटन करत आणि मुखपृष्ठावर पूर्ण रंगात नायिका उभी करत. मुळगावकरांकडे कडाच नसत. स्प्रेच्या धुक्यातून देव प्रकट व्हावेत तसे त्यांचे कृष्ण आणि दत्त कॅलेंडरांवर आले, आणि तेच हात बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर पिस्तुलं आणि घाबरलेल्या ललनाही रंगवत होते. अभिरुचीची मक्तेदारी सांगणाऱ्यांनी नाकं मुरडली. मीही कॉलेजात असताना मुरडलं होतं, फॅशन होती. पुढे स्वतःला एकदा कॅलेंडरचा गणपती काढायची वेळ आली, आणि हजारो घरांना पटेल असा चेहरा काढणं म्हणजे काय हे तीन आठवड्यांत समजलं.

पण त्यांच्या कारागिरीवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला या प्रस्तावनेसाठी महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केलं. मुळगावकरांनी ‘रत्नप्रभा’ काढलं. ज्यांच्याकडे दारोदार काम चालून येत होतं त्या दोन चित्रकारांनी अंक काढण्याचा उपद्व्याप का करावा? कागदाची टंचाई, जाहिराती मिळवण्याची पायपीट, विक्रेत्यांकडची थकबाकी हे सगळं डोक्यावर का घ्यावं? माझं उत्तर असं की दोघांना आपल्या चित्राखालची जमीन आपल्या नावावर हवी होती. रविवर्म्याला छापखान्यातून जे साधलं नाही ते यांना अंकातून साधलं. दुसऱ्याच्या अंकात चित्रकार ‘सजावट’ असतो. ‘दीपावली’त दलाल यजमान होते. कुठल्या कथेला दोन पानं चित्र द्यायचं, कुठे रंग वापरायचा, कुठे मोकळं सोडायचं, हे त्यांच्या हातात होतं.

त्याच सुमारास दुसरा एक प्रवाह नेमका उलट दिशेने वाहत होता. ‘मौज’, ‘सत्यकथा’, ‘पॉप्युलर’ या परिसरातल्या पुस्तकांना नायिकेचे डोळे नको होते. द. ग. गोडशांसारखा माणूस नाटकाचं नेपथ्य, इतिहास, कापडाचा पोत, देवळाचा दगड हे सगळं डोक्यात घेऊन मुखपृष्ठाकडे यायचा. प्रसंग रंगवण्याऐवजी आकार, अक्षर आणि रिकामी जागा यांतून पुस्तकाची प्रकृती सांगायची, ही शिस्त या लोकांनी आणली. दलालांचं मुखपृष्ठ वाचकाला हाक मारतं, गोडशांचं थांबून बघायला लावतं. बाळ ठाकूर, पद्मा सहस्रबुद्धे, पुढे सुभाष अवचट, चंद्रमोहन कुलकर्णी यांच्या कामात हे दोन प्रवाह कुठे मिसळतात, कुठे एकमेकांना टाळतात, हे शोधणं हा एका वेगळ्या पुस्तकाचा विषय आहे. ते कुणीतरी लिहावं.

रेषेचं घराणं तिसरं. वसंत सरवटे स्वतःला ‘रेषालेखक’ म्हणवत, आणि त्या शब्दात त्यांनी मघाचा मजकूर-पाहुण्याचा झगडा एका फटक्यात मिटवला आहे: चित्रकारही लिहितोच. पु. लं.च्या ‘व्यक्ती आणि वल्ली’तल्या माणसांना आपण ज्या चेहऱ्यांनी ओळखतो ते त्यांनी दिले. ‘ललित’ मासिकातल्या ‘ठणठणपाळ’ या सदरलेखकाला अंग आणि हातोडा दिला तोही त्यांनीच. आणि हा माणूस दिवसा एसीसी या सिमेंट कंपनीत अभियंता होता. नवख्यांना हे ऐकून वाईट वाटतं. एवढ्या मोठ्या चित्रकाराला नोकरी करावी लागली! मला उलट वाटतं. न पटलेलं काम सोडायची ऐपत सरवट्यांना त्या पगाराने दिली होती. घरभाडं चित्रांवर अवलंबून नसलं की संपादकाला ‘ही कथा मला कळली नाही’ असं सांगता येतं. पूर्णवेळ स्वतंत्र असलेल्या आमच्यासारख्यांना ते वाक्य अनेकदा गिळावं लागलं आहे.

शि. द. फडणीसांनी नोकरीची वाट घेतली नाही. अनंत अंतरकरांच्या ‘हंस’ आणि ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठांवर त्यांनी शब्दाविना हास्यचित्र आणलं, तेही सपाट, उजळ रंगांत. विनोद चुरचुरीत, पण कुणाला बोचकारत नाही. शब्द नसल्याने ही चित्रं भाषेच्या कुंपणाबाहेर सहज गेली. त्यांनी आपली मूळ चित्रं जपली आणि ‘हसरी गॅलरी’ नावाने त्यांची प्रदर्शनं गावोगावी नेली. एकदा छापून झालेलं चित्र पुन्हा लोकांसमोर उभं राहू शकतं, तिकीट काढून लोक ते बघायला येऊ शकतात, हे त्या काळात कुणाच्या मनातही नव्हतं. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत त्यांनी काढलेली चित्रं आठवणारी माणसं आज साठीला टेकली आहेत; बेरीज विसरले असतील, चित्रं विसरलेली नाहीत.

पोटाच्या प्रश्नाचं सर्वांत भरघोस उत्तर मात्र या काळात जाहिरातीने दिलं. जे. जे.मध्ये १९३५ साली कमर्शिअल आर्टचा विभाग सुरू झाला, पुढे त्याची स्वतंत्र संस्था झाली, आणि तिथून बाहेर पडणारी मुलं फोर्ट-चर्चगेटच्या एजन्सींत शिरली. रवी परांजपे हे त्या जगाचं ठळक नाव. जाहिरात संस्थांत उमेदवारी, काही वर्षं नैरोबीत, मग मुंबईत स्वतंत्र व्यवसाय. न बांधलेल्या इमारतींची त्यांनी काढलेली चित्रं वास्तुविशारद आपल्या ग्राहकांना दाखवत. त्यांच्या आत्मकथनाचं नाव ‘ब्रश मायलेज’. गाडी किती पळाली हे किलोमीटरवर कळतं तसं ब्रश किती चालला यावर चित्रकार कळतो, असा सरळ हिशेब. अक्षरांच्या बाजूला कमल शेडगे टाइम्समधल्या नोकरीसोबत मराठी नाटकांना त्यांचे चेहरे देत होते, आणि र. कृ. जोशी यांनी हाताच्या वळणातून संगणकाच्या ‘मंगल’ फॉन्टपर्यंतचा पल्ला गाठला.

कॉमिक्सची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९६७ साली अनंत पैंची ‘अमर चित्र कथा’ मुंबईत सुरू झाली. तिच्यात राम वाईरकर, प्रताप मुळीक अशा मराठी हातांनी पौराणिक भारत उभा केला. वाईरकरांनी पुढे ‘टिंकल’मध्ये सुप्पांडीही काढला. मद्रासहून येणाऱ्या ‘चांदोबा’चे चित्रकार तर पगारी होते. विक्रमाच्या पाठीवरचा वेताळ काढणारे शंकर हे नाव अनेक मराठी वाचकांना फार उशिरा कळलं. लाखो मुलांनी पाहिलेली चित्रं, आणि काढणाऱ्याचं नाव कोपऱ्यात, असलंच तर.

या सगळ्या यादीत बायका कुठे आहेत, असं या पुस्तकातल्या एका लेखिकेने मला फोनवर विचारलं. माझ्याकडे बचाव नव्हता. माझ्या पिढीने ही नावं अशीच, पुरुषांची, पाठ केली. वळण ठळक दिसतं ते माधुरी पुरंदऱ्यांपाशी. लेखन आणि चित्र एकाच हातातलं असलं की मुलांच्या पुस्तकात काय घडतं हे त्यांनी दाखवलं. त्यांच्या चित्रांतलं घर खरं घर असतं. पसारा असतो, आजी दमलेली असते. ‘ज्योत्स्ना प्रकाशन’सारख्या घरांनी ही पुस्तकं चिकाटीने छापली. चेन्नईची ‘तुलिका’ आणि बंगळुरूची ‘प्रथम बुक्स’ यांनी एकच चित्रपुस्तक अनेक भाषांत नेण्याची पद्धत रुळवली. ‘प्रथम’ने २०१५ मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ उघडलं, तेव्हा चित्र खुल्या परवान्यावर देण्याचा प्रश्न पहिल्यांदाच अनेक मराठी चित्रकारांपुढे आला: नाव कायम तुमचं, पण वापर कुणीही करावा. काहींनी आनंदाने दिलं, काहींनी कायमचा विरोध केला. या पुस्तकात दोन्ही बाजू आहेत आणि एकमेकींना जुमानत नाहीत. मला ते आवडलं.

मग आजची स्थिती काय? नव्वदीत संगणक आला तेव्हा मुखपृष्ठांवर इतकी क्लिपआर्ट आणि ढगांचे फोटो आले की चित्रकार संपला असं आम्ही चहाच्या टपरीवर एकमेकांना सांगत होतो. तो संपला नाही. आता सांगली-अकोल्यातली मुलगी आयपॅडवर काम करून लंडनच्या ग्राहकाला फाइल पाठवते, काळा घोड्याच्या स्टॉलवर स्वतःच्या चित्रांचे प्रिंट आणि स्टिकर विकते, आणि संपादकाच्या ओळखीवाचून तिचं काम हजारो लोक रोज बघतात. माझ्या पिढीला याचा हेवा वाटतो. पण इन्स्टाग्रामवरचं खातं आणि दलालांची ‘दीपावली’ यांत फरक आहे, तो विसरू नये. ‘दीपावली’ची किल्ली दलालांच्या खिशात होती. इथे घर भाड्याचं, मालक दिसत नाही, आणि तो रात्रीत भिंती हलवतो. या पुस्तकात एका मुलीने लिहिलंय की अल्गोरिदम बदलला त्या महिन्यात तिची चौकशी करणारे मेल थांबले. चित्रं तीच होती.

आणि वर ही सांगाल तसं चित्र काढून देणारी नवी यंत्रं. मार्च २०२५ मध्ये अर्ध्या देशाने आपले लग्नाचे फोटो ‘जिब्ली’ शैलीत करून घेतले ते आठवत असेल. शैलीवर कायद्याने कुणाचा हक्क नसतो, हे खरंच. पण ती शैली घडवणाऱ्यांची हजारो चित्रं यंत्राने विचारल्यावाचून गिळली असतील तर त्याला काय म्हणायचं, यावर जगभर वाद चालू आहे. इथल्या दिवाळी अंकांत सहा बोटांच्या नायिका मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. पुढच्या वर्षी बोटं पाचच असतील, यंत्र शिकेल. त्यामुळे ‘यंत्राला हात काढता येत नाहीत’ या आधारावर कुणी निर्धास्त राहू नये. जे काम केवळ रकाना भरायला मागितलं जात होतं ते यंत्राकडे जाणार, बरंचसं गेलंही. कथा वाचून, लेखकाला फोन करून, त्याच्या गावची वेस कशी आहे हे विचारून काढलेलं चित्र मागणारे संपादक मूठभरच होते. तेवढे अजून आहेत.

म्हणूनच आज कायद्याची अक्षरओळख ही चैन राहिलेली नाही. १९५७चा कॉपीराइट कायदा निर्मात्याला पहिला मालक मानतो, पण त्यात अपवाद आहेत. मोबदला देऊन कुणी पेंटिंग किंवा पोर्ट्रेट करवून घेतलं आणि वेगळा करार नसला, तर पहिली मालकी करवून घेणाऱ्याची धरली जाते. माझा डावखुरा शेतकरी याच फटीतून निसटला असता. उलट, हक्क सोपवायचे तर लेखी सोपवावे लागतात. त्या कागदावर मुदत नसेल तर ती पाच वर्षं मानली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. निर्मात्याचं नाव आणि कामाची मोडतोड न होऊ देण्याचा हक्क तर चित्र विकल्यावरही त्याच्यापाशीच राहतो. कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, म्हणजे नातवंडांनाही त्याचा उपयोग आहे. थकलेल्या पैशांबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. ‘उद्यम’ नोंदणी केलेला एकटा चित्रकार लघुउद्योगांच्या २००६च्या कायद्यात सूक्ष्म उद्योग ठरू शकतो, आणि मग पंचेचाळीस दिवसांत पैसे मिळणं हा त्याचा हक्क होतो. दिवाळी अंकवाल्यांना हे पत्र पाठवून बघायचं धाडस मी केलेलं नाही. या पुस्तकातल्या एकाने केलं. त्याचं पुढे काय झालं ते त्याच्याच शब्दांत वाचावं.

हे पुस्तक चित्र काढायला शिकवत नाही. यशस्वी होण्याचे दहा मार्ग त्यात नाहीत, आणि ते नाहीत म्हणूनच मी प्रस्तावना लिहितो आहे. इथे लिहिणाऱ्यांत मुली निम्म्याहून जास्त आहेत. कुणी मुलांची पुस्तकं करतं, कुणी औषध कंपन्यांसाठी हृदयाचे छेद काढतं, कुणी गोव्यात राहून कोंकणी-मराठी दोन्हीकडचं काम घेतं, कुणी सकाळी शाळेत शिकवून दुपारी चित्रं काढतं. धुरंधरांचा नमुना, दलालांचा, फडणिसांचा, सरवट्यांचा, सगळे नव्या कपड्यांत इथे भेटतील, जरी लिहिणाऱ्यांनी ती नावं घेतलेली नसली तरी. दर किती लावायचा, रफच्या टप्प्याला आगाऊ किती घ्यायचं, तिसऱ्या करेक्शननंतर काय बोलायचं, काम नसलेल्या चार महिन्यांत घरी काय सांगायचं, हे मोकळेपणाने लिहिलेलं मराठीत मी प्रथमच वाचतो आहे. संपादकांनी भाषा साफ केली आहे, अनुभव गुळगुळीत केलेले नाहीत. काही लेखांत आत्मप्रौढी डोकावते. ती राहू दिली हे बरं केलं, कारण या धंद्यात ती नसलेला माणूस टिकत नाही. एक उणीव सांगायलाच हवी: गावोगावी साइनबोर्ड, ट्रकच्या फळ्या आणि उरुसाचे पडदे रंगवणारे पेंटर इथे नाहीत. स्वतंत्र चित्रकार ते आमच्या आधीपासून आहेत.

शेवटी मुखपृष्ठाविषयी. ते पंचविशीतल्या एका चित्रकर्तीने केलं आहे. मी सवयीने विचारलं, मूळ चित्र कुठे आहे? ती हसली. टॅब्लेटवर काढलेल्या चित्राला मूळ नसतंच. तिच्याकडची फाइल आणि माझ्याकडे आलेली फाइल यांत काडीचा फरक नाही. परत मागावं असं काहीच उरलेलं नाही, असं वाटून मी क्षणभर गप्प झालो. मग तिने बिल पाठवलं. एक पान, नेटकं. रकमेखाली लिहिलं होतं: वापर फक्त या पुस्तकाच्या छापील पहिल्या आवृत्तीपुरता, चित्र उलटं करून, कापून वा दुसऱ्या पुस्तकावर वापरण्यास परवानगी नाही. प्रकाशकांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला, “म्हणजे दुसऱ्या आवृत्तीला पुन्हा पैसे?” असं मला विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी खिशाला लावलेलं पेन काढलं आणि सही केली.